चार शास्त्रे आणि एक सामायिक यादी

(रुग्णालयाच्या वर्धापनदिनी विश्वस्त मंडळ, देणगीदार व रुग्णांचे आप्त यांच्यासमोर मूत्रपिंडविकार विभागाच्या वतीने झालेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनी प्रत्येक विभागाने आपल्या कामाचा आढावा सादर करावा, अशी आपल्याकडे प्रथा आहे. खाटा, यंत्रे आणि शस्त्रक्रिया यांचे तक्ते या अहवालात अन्यत्र दिलेले आहेतच; त्यांची पुनरुक्ती आम्ही करीत नाही. त्याऐवजी एका प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करीत आहोत. हा प्रश्न दरवर्षी कोणी ना कोणी हितचिंतक आम्हांस आपुलकीने विचारतात. "यंत्र घ्या, औषधे घ्या, गरिबांसाठी खाट राखून ठेवा, आम्ही देणगी देतो. परंतु विद्यापीठांतल्या संशोधनाचा आपल्यासारख्या धर्मादाय रुग्णालयाशी संबंध काय?"

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आम्ही मूत्रपिंड प्रत्यारोपणातील अदलाबदलीच्या, म्हणजे ज्याला आपण 'स्वॅप' म्हणतो त्या पद्धतीच्या उदाहरणाने देऊ इच्छितो. या एका पद्धतीत आनुवंशिकी, कार्यनियोजनाचे गणित, संगणकशास्त्र आणि व्यवस्थापन ही चार शास्त्रे एकत्र आली आहेत. त्यांच्या संशोधनातून जो निष्कर्ष निघतो, त्यावर आपल्या विश्वस्त मंडळाला लवकरच एक निर्णय घ्यावयाचा आहे. म्हणूनच हा विषय आम्ही आज निवडला.

दाता आहे, पण जुळत नाही

केंद्र शासनाने २०१६ मध्ये राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाची घोषणा केली, तेव्हा दिलेल्या अंदाजानुसार भारतात दरवर्षी सुमारे २.२ लाख नव्या रुग्णांची मूत्रपिंडे पूर्णतः निकामी होतात. याउलट २०२३ या वर्षात देशभर झालेली मूत्रपिंड प्रत्यारोपणे १३ हजारांहून थोडी अधिक होती. या दोन आकड्यांमधील अंतर म्हणजे आठवड्यातून दोन-तीन वेळा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास डायलिसिसच्या यंत्राला जोडलेले आयुष्य. आणि ज्यांना तेही परवडत नाही वा गावाजवळ मिळत नाही, त्यांच्या बाबतीत हे अंतर आयुष्याचेच असते.

आपल्या देशातील बहुसंख्य प्रत्यारोपणे जिवंत दात्याच्या, म्हणजे घरातील माणसाच्या मूत्रपिंडाने होतात. आई, पत्नी, भाऊ, वडील यांपैकी कोणीतरी पुढे येते. घरात चर्चा होते, रडारड होते, अखेर एकजण ठाम उभा राहतो. मग तपासण्या होतात आणि आम्हांस सांगावे लागते की, आपले मूत्रपिंड चालणार नाही. देण्याची इच्छा आहे, प्रकृती उत्तम आहे, कायद्याची हरकत नाही. केवळ जुळत नाही. अशी माणसे बाहेरच्या बाकावर बराच वेळ बसून राहतात. या माणसांचे दान वाया जाऊ नये, एवढ्यासाठीच पुढील सारे संशोधन आहे.

जुळणे म्हणजे काय : आनुवंशिकीचे उत्तर

पहिली अट रक्तगटाची. कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये रक्तगट वर्णन केले आणि त्यासाठी त्यांना १९३० चे नोबेल पारितोषिक मिळाले. 'ओ' गटाचा दाता कोणालाही देऊ शकतो, 'एबी' गटाचा रुग्ण कोणाकडूनही घेऊ शकतो, परंतु 'ए' आणि 'बी' यांचे एकमेकांशी पटत नाही, आणि 'ओ' गटाच्या रुग्णास 'ओ' खेरीज दुसरे काही चालत नाही.

दुसरी अट ऊतींच्या ओळखीची. फ्रान्समधील जाँ दोसे यांनी १९५८ मध्ये पांढऱ्या पेशींवरील अशा पहिल्या ओळखचिन्हाचे वर्णन केले. त्यांना १९८० मध्ये नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. 'एचएलए' या नावाने ओळखली जाणारी ही चिन्हे सहाव्या गुणसूत्रावरील जनुके ठरवितात. अपत्याला त्यांचा एक संच आईकडून व एक वडिलांकडून मिळतो. त्यामुळे दोन सख्ख्या भावंडांचे दोन्ही संच सारखे असण्याची शक्यता चारात एक, एक संच सारखा असण्याची शक्यता चारात दोन, आणि एकही सारखा नसण्याची शक्यता चारात एक असते. रक्तगटाचे जनुक मात्र नवव्या गुणसूत्रावर असते. म्हणून भावाच्या ऊती तंतोतंत जुळूनही रक्तगट आडवा येऊ शकतो. "सख्खा भाऊ असून कसे जुळत नाही?" असे विचारणाऱ्या कुटुंबांना आमचे सांगणे एवढेच की, यात नात्याचा काहीही दोष नाही.

तिसरी अट सर्वांत कठीण. रुग्णाच्या रक्तात दात्याच्या ऊतींविरुद्ध आधीच तयार झालेली प्रतिपिंडे असतील तर नवे मूत्रपिंड काही मिनिटांत वा तासांत निकामी होऊ शकते. हे तपासणाऱ्या क्रॉसमॅच चाचणीचे महत्त्व पटेल आणि तेरासाकी यांनी १९६९ मध्ये सिद्ध केले. चाचणी विरुद्ध आली असताना ज्या ३० रुग्णांवर प्रत्यारोपण झाले होते, त्यांपैकी २४ जणांचे मूत्रपिंड तत्काळ निकामी झाल्याचे त्यांनी दाखवून दिले.

ही प्रतिपिंडे पूर्वी दिलेल्या रक्तामुळे किंवा आधीच्या प्रत्यारोपणामुळे निर्माण होतात, तशीच ती गरोदरपणामुळेही होतात. गर्भाच्या पेशींवर वडिलांची चिन्हे असतात आणि आईच्या शरीराला ती परकी वाटतात. परिणामी जिने मुले वाढविली, तिच्याच रक्तात पतीच्या ऊतींविरुद्ध प्रतिपिंडे सापडू शकतात. पती मूत्रपिंड देण्यास तयार असूनही ते तिला घेता येत नाही. १९९५ ते २०२१ या काळात आपल्या देशात अवयव मिळालेल्या दर पाच रुग्णांपैकी सुमारे चार पुरुष होते, असे राष्ट्रीय आकडेवारीवरून दिसते. याची कारणे मुख्यतः सामाजिक आहेत. तथापि ज्या थोड्या घरांत पत्नीसाठी पती पुढे येतो, तेथेही निसर्ग अशी अडचण उभी करतो, हे आपण ध्यानी घ्यावे.

आपसी बदलीचे गणित

मग मार्ग काय? जिल्हा परिषदेच्या शिक्षकांची आपसी बदली आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. साताऱ्याच्या शिक्षकाला नाशिकला जावयाचे आहे, नाशिकच्या शिक्षकाला साताऱ्याला यावयाचे आहे. दोघांची गाठ पडली की दोघांचेही काम होते. मूत्रपिंडाच्या बाबतीत हीच कल्पना अमेरिकेतील शल्यविशारद फेलिक्स रॅपापोर्ट यांनी १९८६ मध्ये मांडली. एका घरात पती 'ए' गटाचा रुग्ण आणि पत्नी 'बी' गटाची दाती आहे. दुसऱ्या घरात पती 'बी' गटाचा रुग्ण आणि पत्नी 'ए' गटाची दाती आहे. दोन्ही पत्नींनी एकमेकींच्या पतीला मूत्रपिंड दिले तर दोन्ही घरे सावरतात. दक्षिण कोरियात १९९१ मध्ये अशा अदलाबदलीस प्रारंभ झाला.

परंतु अशी सोपी गाठ क्वचितच पडते. एक कल्पित उदाहरण घेऊ. पहिल्या घरात 'बी' गटाचा पती रुग्ण आणि 'ए' गटाची पत्नी दाती आहे. दुसऱ्या घरात 'ए' गटाचा मुलगा रुग्ण आणि 'बी' गटाची आई दाती आहे. वरवर पाहता या दोघांची अदलाबदल व्हावयास हवी. पण मुलाच्या रक्तात पहिल्या घरातील पत्नीच्या ऊतींविरुद्ध प्रतिपिंडे निघाली आणि गाठ सुटली. आता तिसरे घर पाहू. तेथे पती-पत्नी दोघेही 'ए' गटाचे, पत्नी रुग्ण. परंतु गरोदरपणामुळे तिच्यात पतीविरुद्ध प्रतिपिंडे आहेत. तीन घरे एकत्र ठेवली की वाट दिसते. पहिल्या घरातील पत्नीचे मूत्रपिंड तिसऱ्या घरातील पत्नीला, तिसऱ्या घरातील पतीचे दुसऱ्या घरातील मुलाला आणि दुसऱ्या घरातील आईचे पहिल्या घरातील पतीला. दोन घरांत जे जमले नाही ते तीन घरांत जमले.

अशी वर्तुळे शोधण्याचे गणित रुग्णालयात जन्मलेले नाही. डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली यांनी १९६२ मध्ये जोड्या स्थिर कशा लावाव्यात यावर एक छोटासा निबंध लिहिला. त्याचा विषय महाविद्यालयीन प्रवेश आणि विवाह हा होता. १९७४ मध्ये शॅप्ली आणि हर्बर्ट स्कार्फ यांनी घरांची अदलाबदल पैशाविना कशी करता येईल याचे गणित मांडले. जॅक एडमंड्स यांनी १९६५ मध्येच, एखाद्या जाळ्यातून जास्तीत जास्त जोड्या कशा निवडाव्यात याची रीत सिद्ध केली होती. यांपैकी कोणाच्याही समोर मूत्रपिंडाचा रुग्ण नव्हता. पुढे हार्वर्डच्या व्यवस्थापन विद्यालयात अध्यापन करणारे ॲल्विन रॉथ यांनी तय्फुन सोन्मेझ आणि उत्कु उन्व्हर या सहकाऱ्यांसह २००४ मध्ये हे सारे गणित मूत्रपिंडांच्या अदलाबदलीस लावून दाखविले, आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या न्यू इंग्लंड भागातील प्रत्यारोपण केंद्रांनी एकत्र येऊन तसा कार्यक्रम उभारला. रॉथ आणि शॅप्ली यांना २०१२ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. १९६२ मधील त्या निबंधासाठी कोणी देणगी मागितली असती तर "याचा रुग्णाला काय उपयोग?" असेच आपण सर्वांनी विचारले असते.

संगणकाने काय केले

१० जोड्यांची यादी असेल तर दोन-दोन जोड्यांच्या ४५ गाठी तपासाव्या लागतात. हे काम कागद-पेन्सिलीने होते. १०० जोड्यांची यादी असेल तर अशा गाठी ४,९५० होतात, आणि तीन-तीन जोड्यांची संभाव्य वर्तुळे ३,२३,४०० भरतात. खरी अडचण याच्याही पुढची आहे. एक जोडी एकाच वर्तुळात बसू शकते. तेव्हा एकमेकांच्या आड न येणारी अशी वर्तुळे निवडावयाची की अधिकात अधिक रुग्णांना मूत्रपिंड मिळेल. केवळ दोघा-दोघांच्या अदलाबदलीला एडमंड्स यांची रीत पुरते. तिघांची वर्तुळे आली की प्रश्न संगणकशास्त्रातील अतिशय बिकट प्रश्नांच्या वर्गात जातो. पिट्सबर्ग येथील कार्नेगी मेलन विद्यापीठातील अब्राहम, ब्लम आणि सँडहोम यांनी २००७ मध्ये १०,००० रुग्णांच्या कल्पित यादीवर चालणारी रीत प्रसिद्ध केली. ब्रिटनमध्ये ग्लासगो विद्यापीठाच्या संगणकशास्त्रज्ञांनी तेथील राष्ट्रीय योजनेसाठी असेच काम केले.

संगणक येथे कोणाला मूत्रपिंड द्यावे हे स्वतःच्या मर्जीने ठरवीत नाही. मुलांना प्राधान्य द्यावयाचे की नाही, दीर्घकाळ थांबलेल्याला किती गुण द्यावयाचे, कठीण प्रतिपिंडे असलेल्या रुग्णाला पुढे घ्यावयाचे काय, हे नियम माणसांनी आधी ठरवून लिहावे लागतात. ते एकदा लिहिले की वशिला, ओळख वा देणगीचा आकडा यांना त्या हिशेबात जागा राहत नाही. आपल्यासारख्या संस्थेला याचे मोल विशेष वाटावे.

व्यवस्थापनाची बाजू

कागदावरचे वर्तुळ आणि शस्त्रक्रियागृहातील वर्तुळ यांत मोठे अंतर आहे. दात्याला शेवटच्या क्षणापर्यंत नकार देण्याचा अधिकार असतो आणि असलाच पाहिजे. एका घरातील रुग्णाला मूत्रपिंड मिळाले आणि नंतर त्याच घरातील दात्याने माघार घेतली, तर दुसऱ्या घराने द्यावयाचे ते देऊन टाकलेले असते आणि मिळावयाचे मिळत नाही. म्हणून सर्व शस्त्रक्रिया एकाच वेळी सुरू करण्याची रीत पडली. दोन घरांसाठी चार शस्त्रक्रियागृहे, तीन घरांसाठी सहा. तितकेच शल्यविशारद, भूलतज्ज्ञ, परिचारिका आणि अतिदक्षता विभागातील खाटा. वर्तुळ जेवढे मोठे, तेवढे ते मोडण्याची भीती अधिक. एका रुग्णाला आदल्या दिवशी ताप आला तरी सर्वांचा दिवस पुढे ढकलावा लागतो. त्यामुळे बहुतेक योजनांनी वर्तुळाची मर्यादा तीन-चार जोड्यांपाशी ठेवली आहे.

नेदरलँड्सचे उदाहरण उद्बोधक आहे. तेथील सर्व प्रत्यारोपण केंद्रे २००४ पासून एका सामायिक यादीत सामील झाली, आणि सर्व क्रॉसमॅच चाचण्या लायडन येथील एकाच प्रयोगशाळेत करण्याचे ठरले. प्रत्येक केंद्राची चाचणी निराळी असती तर संगणकाने जुळविलेल्या जोड्या ऐनवेळी न जुळणाऱ्या निघाल्या असत्या. यंत्रसामग्री सर्वत्र तीच होती. फरक पडला तो कामाच्या मांडणीने. आपल्या देशात अहमदाबादच्या मूत्रपिंडरोग संस्थेने २०१३ च्या जागतिक मूत्रपिंड दिनाच्या निमित्ताने जोडी-अदलाबदलीने १० प्रत्यारोपणे केली. योग्य नियोजन असल्यास आपल्याकडेही हे होऊ शकते, याचा तो पुरावाच होय.

कायदा काय म्हणतो

मानवी अवयव प्रत्यारोपणाचा केंद्रीय कायदा १९९४ चा. गोवा, हिमाचल प्रदेश आणि महाराष्ट्र या तीन राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव केल्यामुळे तो संसदेने केला, हे आपण अभिमानाने सांगावे. अवयवांचा व्यापार रोखणे हा त्याचा हेतू. २०११ च्या दुरुस्तीने त्यात अदलाबदलीची स्पष्ट तरतूद आली. दाता हा आपल्या रुग्णाचा जवळचा नातेवाईक असला पाहिजे, तो वैद्यकीयदृष्ट्या जुळत नसला पाहिजे, आणि प्राधिकार समितीची पूर्वमान्यता घेतली पाहिजे. आजी-आजोबा व नातवंडे यांचा समावेश जवळच्या नातेवाइकांत याच दुरुस्तीने झाला. पैशाच्या देवघेवीला यात जागा नाही. एका घराने दुसऱ्यावर उपकार केला असेही नाही. दोन्ही घरे देतात आणि दोन्ही घरे घेतात.

मृत्यूनंतर दान केलेल्या अवयवांचे वाटप आपल्या राज्यात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील विभागीय समन्वय केंद्रे करतात. ती वाट निराळी आणि तितकीच मोलाची आहे. जिवंत दात्यांच्या अदलाबदलीसाठी देशभर एकसमान कार्यक्रम राबवावा, असे आवाहन राष्ट्रीय अवयव व ऊती प्रत्यारोपण संघटनेने २०२५ मध्ये राज्यांना केले.

यादी कोणाची?

आता आम्ही मूळ मुद्द्याकडे येतो. वर सांगितलेल्या संशोधनाचा सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष एकाच वाक्यात सांगता येतो : यादी मोठी असेल तरच गाठी पडतात. १० जोड्यांच्या १०० झाल्या तर जोड्या दसपट वाढतात, पण तपासावयाच्या गाठी ४५ वरून ४,९५० वर, म्हणजे ११० पट जातात. ज्या रुग्णाच्या प्रतिपिंडांमुळे शंभरातील अवघा एखादाच दाता चालण्यासारखा आहे, त्याला १० जोड्यांच्या वहीत आशा नाही. मोठ्या यादीत आहे.

कार्यनियोजनाच्या शास्त्राचा इतिहासही हेच सांगतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या मालवाहू जहाजांचे ताफे लहान असावेत की मोठे, असा प्रश्न होता. पॅट्रिक ब्लॅकेट या पदार्थवैज्ञानिकाच्या गटाने नोंदी तपासून दाखविले की, ताफा मोठा असला तरी बुडणाऱ्या जहाजांची संख्या फारशी वाढत नाही. म्हणून प्रत्येक जहाजाचा धोका मोठ्या ताफ्यात कमी होतो. मूत्रपिंडांची यादी हादेखील असाच एक ताफा आहे. एकट्या निघालेल्या जहाजाने आपली हिंमत सांगण्यात अर्थ नसतो.

परंतु येथे प्रत्येक रुग्णालयासमोर एक मोह उभा राहतो, आणि तो आपल्यासमोरही आहे. समजा, आमच्या वहीत दोन जोड्या अशा आहेत की त्यांची आपसांत अदलाबदल होते. ती आम्ही येथेच केली तर दोन प्रत्यारोपणे होतील, आपल्या अहवालात ती दिसतील, कोणाशी पत्रव्यवहार करावा लागणार नाही. आता असेही समजा की, आमची पहिली जोडी दुसऱ्या शहरातील एका जोडीशी जुळते आणि आमची दुसरी जोडी तिसऱ्या शहरातील एका जोडीशी जुळते; त्या बाहेरच्या दोन जोड्यांना मात्र आमच्यावाचून दुसरा आधार नाही. चारही जोड्या सामायिक यादीत आल्या असत्या तर दोनऐवजी चार रुग्णांना मूत्रपिंड मिळाले असते. आमचे दोन रुग्ण दोन्ही प्रकारे बरे झाले असते. जे दोघे राहून गेले त्यांची नावे आम्हांस कधी कळलीही नसती.

अमेरिकेत नेमके हेच घडू लागल्याचे संशोधकांना दिसून आले. रुग्णालये सोप्या जोड्या स्वतःकडे ठेवीत आणि कठीण जोड्या तेवढ्या सामायिक यादीत पाठवीत. सर्वांनीच कठीण पाठविल्यावर यादी लांब दिसते, पण तिच्यात गाठी पडत नाहीत. इताई अश्लागी आणि रॉथ यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या वृत्तीची मीमांसा केली. कोणत्याही रुग्णालयाला, ते एकटे राहिले असते तर जितकी प्रत्यारोपणे करू शकले असते त्याहून कमी मिळणार नाहीत, अशी हमी नियमांतच देता येते, आणि यादी मोठी असेल तर त्या हमीची किंमत फारच अल्प पडते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. म्हणजे सहभागी होण्यात आपल्या रुग्णांचे नुकसान होईल ही भीती नियम नीट आखून दूर करता येते. राहतो तो केवळ श्रेयाचा प्रश्न.

आपले रुग्णालय हा सार्वजनिक न्यास आहे. त्याची मालकी कोणा एकाची नाही. मग त्याच्या वहीतील सोपी जोडी ही आपली मालमत्ता कशी ठरेल? अन्य गावातल्या अनोळखी रुग्णाला आपल्या यादीमुळे मूत्रपिंड मिळाले तर ते आपल्या तक्त्यात दिसणार नाही. पण ज्या हेतूने हा न्यास स्थापन झाला, त्या हेतूच्या हिशेबात ते निश्चितच जमा होईल.

आमच्या तीन विनंत्या

विश्वस्त मंडळास आमची विनंती अशी की, सामायिक यादीत सहभागी होताना सोप्या व कठीण अशा सर्वच जोड्यांची नोंद करण्यात येईल, असा स्पष्ट ठराव करावा. हे विभागप्रमुखांच्या इच्छेवर सोडू नये. माणसे बदलतात, ठराव राहतो. यादी चालविणाऱ्यांनी वर सांगितलेली हमी आणि नियमांची लेखी प्रत द्यावी, अशी अट त्यात अवश्य घालावी.

देणगीदारांस विनंती अशी की, या कामाला लागणारा खर्च यंत्रासारखा डोळ्यांत भरणारा नाही. ऊतींच्या व प्रतिपिंडांच्या चाचण्या, नोंदी अचूक ठेवणारा एक कर्मचारी, दोन्ही घरांशी बोलणारा एक समन्वयक आणि परगावच्या कुटुंबाचा काही दिवसांचा निवास, एवढ्यावर हे काम उभे राहते. यावर नावाची पाटी लावण्याजोगे काही नसते. तरीही आम्ही मागतो, कारण यावाचून पुढचे सारे अडते. जुळत नसताना केलेल्या प्रत्यारोपणाचा पर्याय आज उपलब्ध आहे. परंतु प्रतिपिंडे काढून टाकण्याच्या त्या उपचारांचा खर्च फार मोठा असून तो बहुतेक कुटुंबांच्या आवाक्याबाहेरचा आहे. चांगली यादी हा त्याहून स्वस्त उपाय होय.

रुग्णांच्या आप्तांस विनंती अशी की, रक्तगट जुळत नाही एवढ्यावरून घरातील दात्याचे नाव मागे घेऊ नये. जो आपल्या माणसाच्या कामी येत नाही, तो दुसऱ्याच्या माणसाच्या कामी येऊन आपल्या माणसाला वाट करून देऊ शकतो. 'ओ' गटाच्या रुग्णांनी थोडा अधिक धीर धरावा. 'ओ' गटाचा दाता बहुधा आपल्याच रुग्णाला जुळतो आणि यादीत येतच नाही. त्यामुळे त्यांची प्रतीक्षा लांबते, आणि त्याबाबत आम्ही कोणाला खोटे आश्वासन देणार नाही.

दात्यांशी, विशेषतः भगिनींशी, आम्ही एक गोष्ट स्पष्ट बोलू इच्छितो. प्रत्येक दात्याची मुलाखत घरच्यांच्या अनुपस्थितीत स्वतंत्रपणे घेतली पाहिजे, असा आमचा दंडक आहे. तेथे "नाही" म्हणण्याची पूर्ण मुभा आहे. तसे झाल्यास घरच्यांना "वैद्यकीयदृष्ट्या योग्य नाही" एवढेच कळविले जाईल; नकाराचा बोल कोणावर येऊ दिला जाणार नाही. दबावाखाली दिलेले मूत्रपिंड कोणत्याही गणिताने दान ठरत नाही. अदलाबदलीत दुसऱ्या घराची आशाही आपल्यावर अवलंबून असल्याने हा दबाव वाढण्याचा संभव आहे, म्हणून ही काळजी येथे दुप्पट घ्यावी लागते.

आरंभी घेतलेल्या प्रश्नाचे उत्तर आता आपणच देऊ शकाल. गुणसूत्रांचा अभ्यास करणाऱ्याने जुळत का नाही ते सांगितले, गणितज्ञाने वाट दाखविली, संगणकशास्त्रज्ञाने ती हजारो वाटांमधून शोधून दिली, व्यवस्थापनाच्या अभ्यासकाने ती एका सकाळी सहा शस्त्रक्रियागृहांत कशी उतरवावी हे सांगितले. त्यांचे काम झाले आहे आणि ते जगापुढे खुले आहे. त्याचा लाभ घ्यावयाचा तर आपापल्या वह्या एकमेकांसमोर उघड्या कराव्या लागतील. हे काम कोणतेही विद्यापीठ आपल्यासाठी करू शकणार नाही. ते आपणच करावयाचे आहे, आणि येत्या विश्वस्त बैठकीत त्याचा प्रारंभ व्हावा, अशी आमची नम्र अपेक्षा आहे.